नेमबाजाचे पिस्तूल आणि धनिकाचे रिव्हॉल्व्हर

आसामच्या मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये असा निर्णय केला की, राज्यातील संवेदनशील व दुर्गम भागांत राहणाऱ्या ‘मूळ रहिवाशांना’ शस्त्रपरवाने सढळ हाताने द्यावेत. ज्या शासनाच्या हाताशी पोलीसदल आहे, केंद्रीय सुरक्षा दले आहेत, न्यायालये आहेत, त्या शासनाने आपल्याच प्रजेतील एका भागाला सांगावे की, शेजाऱ्यापासून तुमचे तुम्हीच रक्षण करा, याचा अर्थ काय? अर्थ इतकाच की, सुरक्षितता ही सर्वांना सारखी पुरवावयाची सार्वजनिक सेवा आहे हे तत्त्वच त्या शासनाने सोडून दिले.

हा विचार गुवाहाटीपुरता मर्यादित असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु स्त्रीवरील अत्याचाराची एखादी भीषण वार्ता आली की पुण्या-मुंबईच्या सुस्थित घरांतूनही हाच सूर निघतो: बायकांना परवाने द्या, पिस्तुले द्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तूल नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळविल्यानंतर तर या मागणीला एक प्रतिष्ठित साक्षीदारच सापडला. आपल्या मुली जगात नेम धरून दाखवितात, मग घरोघर पिस्तूल का नको, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात दोन सर्वस्वी भिन्न वस्तूंना एकच नाव असल्याचा तो गैरफायदा आहे.

क्रीडांगणावरचे पिस्तूल कसे असते ते आधी पाहावे. दहा मीटरच्या स्पर्धेत हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुटते. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे. साठ गोळ्यांसाठी पंचाहत्तर मिनिटे. पिस्तूल दीड किलोपर्यंत जड असू शकते. त्याची लाकडी मूठ त्या एका खेळाडूच्या तळव्याबरहुकूम घासून बसविलेली असते, आणि चाप इतका हलका की अर्ध्या किलोच्या ओढीने तो सुटतो. पंचवीस मीटरच्या स्त्रियांच्या स्पर्धेत .२२ चे काडतूस असते. तिच्या उत्तरार्धात खाली धरलेला हात उचलून तीन सेकंदांत एकच गोळी झाडावयाची, मग सात सेकंद थांबावयाचे. हे सारे कौशल्य म्हणजे श्वासाचे, नाडीचे आणि मनाचे नियमन आहे. समोर कागद असतो किंवा विजेवर चालणारा फलक. माणूस कधीच नसतो.

२०२१ साली टोकियोत याच मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले. ते दुरुस्त होईपर्यंत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेथे घड्याळाखेरीज शत्रू नव्हता, म्हणून हानी पदकापुरतीच झाली. देशातील सर्वोत्तम नेमबाजाच्या हातातील उत्तमोत्तम यंत्राची जी गत झाली, ती अंधाऱ्या गल्लीत, घाबरलेल्या हातात, वर्षातून एकदाही न झाडलेल्या हत्याराची होणार नाही अशी हमी कोण देणार?

आता आत्मसंरक्षणाचे म्हणून विकले जाणारे रिव्हॉल्व्हर घ्या. ते कपड्यांत वा पिशवीत दडवावयाचे, म्हणून नळी आखूड आणि वजन कमी. वजन कमी म्हणून धक्का अधिक. नळी आखूड म्हणून नेमाच्या खुणा जवळजवळ आणि चूक मोठी. खिशात चुकून सुटू नये म्हणून चाप जड, आणि जड चाप ओढताना हात हलतो. थोडक्यात, नेमबाजाच्या पिस्तुलाचे जे गुण तेच येथे दोष. मैदानावरच्या पदकाने या हत्याराची शिफारस करणे म्हणजे सतार वाजविता येते म्हणून लाकूडतोडीचे कंत्राट मागण्यासारखे आहे.

त्यातही आपल्याकडील .३२ या मापाची कहाणी मनोरंजक आहे. .३८, .४५५, नऊ मिलिमीटर ही सैन्याची व पोलिसांची मापे सामान्य नागरिकास निषिद्ध. कारण सरकारी कोठारातील काडतुसे बाहेर फुटतील ही गोऱ्या साहेबाची भीती स्वतंत्र भारताने वारशाने घेतली. म्हणून परवानाधारकाच्या वाट्यास .३२ आले. रिव्हॉल्व्हरचे हे .३२ लाँग काडतूस युरोपात आवडीने वापरले जाते ते मुख्यतः कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडणाऱ्या स्पर्धकांकडून, कारण त्याचा धक्का सौम्य. तेथे जे खेळाचे, ते येथे लाखाच्या पुढे किंमत मोजून प्राणरक्षणाचे म्हणून घेतले जाते! आणि विकणारा कोणी खाजगी सावकार नाही, तर सरकारी कारखाना आहे. कानपूरहून ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले, आणि त्याचा पल्ला पन्नास मीटर असल्याची जाहिरात झाली. पन्नास मीटर अंतरावरील मनुष्यापासून आत्मसंरक्षण ते कोणते? खाजगी बचावाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण तो आवश्यक तेवढ्याच बळाचा. पन्नास मीटरवरचा हल्लेखोर जवळ येण्याआधी निसटण्याची संधी असते. त्याला गोळी घालणे हा बचाव नव्हे.

त्याआधीचे ‘निर्भीक’ तर अधिकच बोलके. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर सहा जणांनी अत्याचार केले. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात पोलिसांच्या उत्तरदायित्वाचा, रस्त्यावरील दिव्यांचा, सार्वजनिक वाहतुकीचा विचार होता. त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले आणि त्या मृत तरुणीला लोकांनी दिलेल्या नावावरून त्याचे नामकरण केले. किंमत सुमारे एक लाख बावीस हजार रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला एकशे साठच्या घरात होती. वर्षाला शंभर दिवसांच्या हमीने, एक पैसा न खाता, मजूर स्त्रीला ते घेण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला असता. ज्या मुलीच्या नावाने ते विकले गेले, ती रात्री बसची वाट पाहत उभी होती. तिला हवी होती ती सुरक्षित बस. बाजाराने देऊ केली ती मोटारवाल्या वर्गाच्या पर्समध्ये राहणारी वस्तू.

कोणी म्हणेल, ज्याला परवडते त्याने तरी स्वतःचे रक्षण करावे. त्यात इतरांचे काय गेले? जाते ते असे की, एकाचे संरक्षण ही दुसऱ्यावरची धमकी असते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच जमिनीच्या वादातून गोळीबार झाला, एका विद्यमान आमदारास अटक झाली, आणि आपण आत्मसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्या असे त्याने सांगितले. पोलीस ठाण्यात, पोलिसांदेखत, आत्मसंरक्षण! त्याच वर्षी मुंबईत एका नामवंत नटाच्या स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्याच्या पायात शिरली. अमेरिकेत घरोघर बंदुका आहेत. तेथे बंदुकीने दरवर्षी होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात.

कोल्हापूरचे उदाहरण महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. याच शहराच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आणि याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे व उमाताईंवर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी कॉम्रेड गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्याच्या पुलावर असेच सकाळच्या प्रहरी मारले गेले. त्यांनी पोलीस संरक्षण नाकारले होते. यांच्या खिशात रिव्हॉल्व्हर असते तर ते वाचले असते असे म्हणणाऱ्याने हल्ल्याची रीत पाहिलेली नाही. बेसावध गाठून जवळून गोळी घालणाऱ्यापुढे हत्याराला हात घालण्याइतका अवधीच मिळत नाही. पहिली गोळी झाडण्याचा लाभ नेहमी मारेकऱ्याला असतो, आणि पिस्तुले जितकी मुबलक, तितका तो लाभ स्वस्त.

एक आक्षेप मात्र आपल्याच गोटातून येतो, आणि त्याचे उत्तर टाळता कामा नये. १८७८ च्या लिटनशाहीच्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. मग जमीनदाराच्या बंदुकीपुढे दलित शेतमजुराने रिकाम्या हाताने का उभे राहावे? प्रश्न रास्त आहे. पण संविधानाने तो हक्क घेतला नाही. सभास्वातंत्र्य दिले तेही ‘शांततेने व निःशस्त्र’ या शर्तीवर. त्यात लोकशाहीवरचा एक विश्वास होता. तो ज्यांनी मोडला त्यांच्या हातची शस्त्रे आधी काढून घ्यावयाची, की सर्वांना मोडण्याची मुभा द्यावयाची?

उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम म्हणतो की, अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे व त्यांच्या नोकरचाकरांचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी काढून घेणे, मग देणे. शस्त्रपरवान्याच्या चर्चेत दलितांचे नाव पुढे करणारे या नियमाचा पहिला भाग कधी उच्चारतात काय?

नेमबाजीला विरोध करण्याचे कारण नाही. उलट ती श्रीमंतांच्या क्लबातून बाहेर काढली पाहिजे. वीस ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या .१७७ हवाई पिस्तुलाला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. अडचण आहे ती किमतीची. स्पर्धेच्या दर्जाचे एक पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. जिल्हा क्रीडा संकुलात दहा मीटरची रेंज आणि संकुलाच्या मालकीची आठ-दहा पिस्तुले ठेवली, तर ऊसतोडणी कामगाराची मुलगीही त्या ११.५ मिलिमीटरच्या वर्तुळावर नेम धरू शकेल, आणि संध्याकाळी ते हत्यार कुलपात ठेवून घरी जाईल. घरी जाताना रस्त्यावर दिवा आणि थांब्यावर बस असावी, ही मागणी त्याच निवेदनात घालावी.

जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली जिल्हाधिकारी कचेरीत दोन प्रश्न विचारावेत. आत्मसंरक्षणाच्या कारणाखाली किती परवाने दिले गेले, आणि त्यांत भूमिहीन किती? आणि १९९५ च्या नियमाखाली आजवर किती परवाने रद्द झाले?