‘सर्व हक्क स्वाधीन’ची थट्टा आणि समीक्षेचे मौन

विडंबनधर्मांच्या ग्रंथांतील स्वामित्वहक्कविरोधी सूचना म्हणजे निव्वळ टवाळी, तिची वाङ्मयीन दखल घेण्याचे कारण नाही, ही समजूत समीक्षाव्यवहारात रूढ आहे. ती तपासून पाहण्याची गरज आहे.

१९६०च्या दशकात अमेरिकेत ग्रेग हिल आणि केरी थॉर्नली यांनी एरिस या ग्रीक कलहदेवतेच्या नावाने ‘डिस्कॉर्डियन’ पंथ काढला. ‘प्रिन्सिपिया डिस्कॉर्डिया’ हा त्याचा धर्मग्रंथ. स्वामित्वहक्काच्या चिन्हातील ‘सी’ काढून तेथे ‘के’ बसवलेला. ‘हक्क’ आणि ‘विधी’ या अर्थांचे इंग्रजी शब्द उच्चारात एकच असल्याने हक्क राखून ठेवण्याचे सूत्र विधी उलटे करण्याच्या घोषणेत पालटलेले. आणि वर पुनर्मुद्रणाची मोकळीक.

हा श्लेष कायद्यासमोर धरला की त्याचे खरे स्वरूप दिसते. १९०९च्या अमेरिकी कायद्यानुसार विहित सूचनेवाचून प्रकाशित झालेली कृती सामान्यतः स्वामित्वहक्काला मुकत असे. म्हणजे सूचनेच्या जागी थट्टा छापणे हाच हक्कत्याग होता. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला. परंतु त्या सिद्धान्ताने अर्थावरील लेखकाची सत्ता नाकारली, प्रतींवरील मालकीला हात लावला नाही. तो या विदूषकांनी लावला.

मात्र या थट्टेचे भाबडे गुणगानही अनाठायी होय. १ मार्च १९८९ पासून अमेरिकेत बर्न करार लागू झाला आणि सूचना अनावश्यक ठरली. आता लेखकाचे मौन म्हणजेच मालकी. श्लेष छापल्याने हक्क आपोआप गळून पडत नाहीत. फार तर त्याचा अर्थ ‘परवानगी’ असा लावता येतो. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांचा संगणक-आज्ञावलींसाठीचा ‘जीएनयू’ सार्वजनिक परवाना आला. त्याची वाट उलट आहे: तो हक्क सोडत नाही, हक्काच्याच बळावर पुढील वापरकर्त्यांची मोकळीक बंधनकारक करतो. हिल-थॉर्नली आणि स्टॉलमन यांना ‘प्रतिसंस्कृती’ या एकाच कप्प्यात कोंबणे हा वैचारिक आळस आहे.

सूचनेचे पान संहितेबाहेरचे मानून उलटण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ‘प्रिन्सिपिया’तील अर्थबहुलतेची चर्चा करणाऱ्याने आधी एवढे विचारावे: कोणाचीही परवानगी न मागता हा ग्रंथ मला छापता येतो, तो कशामुळे?