वाचनाचा नफातोटा

माजी राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रांत ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळण्याचा प्रघात २०१५ सालापासून पडला आहे. हेतु स्तुत्य आहे, व त्याविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्या दिवशीं जीं व्याख्यानें होतात त्यांविषयीं. असें एक व्याख्यान ऐकण्याचा योग आम्हांस नुकताच एका तालुक्याच्या गांवीं, तेथील सार्वजनिक वाचनालयांत आला. वक्ते विद्वान् होते, वाणी ओघवती होती, आणि वाचनाचे अकरा फायदे सांगण्याचें त्यांनीं आरंभींच जाहीर केलें होतें. शब्दसंग्रह वाढतो, स्मरणशक्ति तल्लख होते, मुलाखतींत छाप पडते, निबंधाला गुण अधिक मिळतात, रात्रीं झोंप चांगली लागते. येथपर्यंत आम्हीं बोटें मोजलीं, पुढें तो नाद सोडून दिला. शेवटीं त्यांनीं समोरच्या मुलांस बजाविलें कीं, कथाकादंबऱ्यांत वेळ दवडूं नका. थोरांचीं चरित्रें वाचा, यशस्वी पुरुषांच्या यशाचीं सूत्रें वाचा, आणि तेवढीही सवड नसेल तर हल्लीं अख्ख्या ग्रंथाचा सारांश मोबाइलवर पंधरा मिनिटांत ऐकावयास मिळतो, तो ऐका. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ज्या दालनांत हें झालें त्याच्या भिंतींलगत सात कपाटें होतीं, आणि सातही कपाटांना कुलुपें होतीं.

यावरून तें वाचनालय ओस पडलें आहे असा तर्क मात्र कोणीं करूं नये. शेजारच्या खोलींत पहाटेपासून रात्रीं उशिरापर्यंत साठसत्तर तरुण मान वर न करतां बसलेले असतात. ती अभ्यासिका. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिका व टिपणवह्या ते घरून आणतात. संस्थेकडून त्यांस एक टेबल, एक दिवा आणि शांतता एवढेंच हवें असतें. ग्रंथपाल म्हणाले, ‘साहेब, अभ्यासिकेच्या फीवर विजेचें बिल निघतें. कपाटांवर काय निघतें? धूळ.’ थोड्याफार फरकानें हाच देखावा आज पुष्कळ गांवीं दिसेल. रत्नागिरीस १८२८ सालीं वाचनालय निघालें; मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठीं ठाण्यास १८९३ सालीं आणि मुंबईस १८९८ सालीं स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. त्याच महाराष्ट्रांत वाचनालयाची उरलेली उपयुक्तता म्हणजे त्याचें छप्पर, हें पाहून आमच्या मनास जें वाटलें तें लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

अभ्यासिकेंतील तरुणांस दोष देण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. बापानें जिराईत रानाच्या भरंवशावर कर्ज काढून ज्याला तालुक्याला ठेवलें आहे, आणि जागा शेंकड्यांनीं व उमेदवार लाखांनीं मोजावे अशा शर्यतींत जो उतरला आहे, त्याच्यापुढें उभें राहून ‘बाबा रे, कादंबऱ्या वाच’ असें म्हणावयास निगरगट्टपणा लागतो. त्या प्रश्नाकडे आम्ही पुढें येऊंच. आमचा वाद आहे तो व्यासपीठावरील विद्वानांशीं. ज्यांना पोटाची विवंचना नाहीं व ज्यांनीं स्वतः तारुण्यांत कथाकादंबऱ्या मनसोक्त वाचल्या आहेत, त्यांनीं पुढच्या पिढीला केवळ फायद्यांची यादी द्यावी, ही गोष्ट आम्हांस अक्षम्य वाटते.

कारण ही वाचनाची स्तुति नव्हे, वाचनाची ही निर्भर्त्सना आहे. ‘यापासून मला काय मिळेल?’ असें विचारीत जो पुस्तक उघडतो तो जसा आंत जातो तसाच बाहेर येतो. त्याच्या गांठीला चार शब्द अधिक पडतील, दोन सूत्रें पाठ होतील. परंतु तो स्वतः तिळमात्र हलत नाहीं. ज्याला ही मंडळी व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणतात तो, त्यांच्या मतें, अंगरख्याला आणखी एक खिसा लावण्यासारखा आहे. आमच्या मतें पुस्तकाचें खरें काम याच्या अगदीं उलट आहे. घटकाभर कां होईना, माणसाला स्वतःपणापासून सोडवून दुसऱ्याच्या अंतःकरणांत वसतीला नेणें हें तें काम; आणि तें करणारी जी शक्ति तिचें नांव कल्पना. ती वापरल्यानेंच वाढते, आणि नफ्याकडे डोळा ठेवणाऱ्याला ती वापरतांच येत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं एक साप्ताहिक काढलें व त्याचें नांव ठेविलें ‘करमणूक’. ज्या पुण्यांत ‘केसरी’ गर्जत होता आणि आगरकरांचा ‘सुधारक’ कोरडे ओढीत होता, त्या पुण्यांत एका सुशिक्षित तरुणानें आपल्या पत्राला असें नांव द्यावें, हें आमच्या वक्त्यांच्या दृष्टीनें वेळ दवडण्याचें उघड आमंत्रणच होय! त्याच पत्रांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः निघाली व १८९३ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तो काळ कसा होता? १८९१ च्या मार्चमध्यें संमतिवयाचा कायदा मंजूर होऊन मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारावर गेलें. तत्पूर्वीं कित्येक महिने सभा, अर्ज, प्रतिअर्ज, शास्त्राधार आणि डॉक्टरांचीं मतें यांचा नुसता गदारोळ माजला होता. बोलणारे बहुतेक पुरुष होते. ज्या मुलींविषयीं हें सारें चाललें होतें त्यांचा आवाज त्या गदारोळांत क्वचितच कोणाच्या कानीं पडत असेल.

आपट्यांनीं त्यांत आणखी एका युक्तिवादाची भर घातली नाहीं. त्यांनीं यमूला बोलावयास लाविलें. लहानपणचे भावाबरोबरचे खेळ व भांडणें, लग्न, सासर, नवऱ्याच्या प्रोत्साहनानें लागलेली वाचनाची गोडी, मुंबईंतले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य, आणि मग बळजबरीनें झालेलें केशवपन. हें सर्व ती आपल्याच तोंडानें, घरगुती बोलींत, पुष्कळ वेळां फाफटपसारा करीत सांगते. आतां आमच्या वक्त्यांचा तो पंधरा मिनिटांचा सारांश घ्या. पंधरा मिनिटें तरी कशाला? मुलीचें लग्न झालें, नवरा वारला, तिचें केशवपन झालें, संपला सारांश. परंतु हा सारांश १८९० सालीं पुण्यांतल्या प्रत्येक माणसाला पाठच होता! प्रत्येक आळींत, किंबहुना प्रत्येक मोठ्या वाड्यांत, तो आलवणांत वावरत होता, चुलीपाशीं राबत होता, आणि कोणाच्या घशाखालीं त्यामुळें घांस अडकत नव्हता. माहितीची वाण मुळींच नव्हती. वाण होती ती शेंकडों पानें एका मुलीच्या संगतींत, तिच्या हट्टांसकट आणि थट्टेसकट, राहण्याची. जो फाफटपसारा सारांशकार प्रथम कापून टाकतो त्यांतच तें सामर्थ्य होतें.

ती कादंबरी वाचून सर्व पुणें सुधारलें असें आम्ही म्हणत नाहीं. यमूसाठीं डोळे पुसून, उठून, आपल्या घरांत तेंच करणारे वाचकही असतील. वाचनानें मनुष्य सज्जन होतोच असा दाखला जगाच्या इतिहासांत नाहीं. बहुश्रुत दुष्टांची तेथें रेलचेल आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यमूबरोबर राहून आलेल्या माणसाला ‘मला ठाऊक नव्हतें’ असें पूर्वीच्या सहजतेनें म्हणतां येत नाहीं.

ही गोष्ट वाचनाच्या स्तुतिपाठकांपेक्षां वाचनाच्या वैऱ्यांना अधिक नेमकी कळली होती. न्यायमूर्ति रानडे यांच्याशीं १८७३ सालीं विवाह होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंस पतीनें अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला, तेव्हां घरांतील वडील बायकांकडून त्यांना किती सोसावें लागलें हें त्यांनींच ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. सुनेचा शब्दसंग्रह वाढेल अशी धास्ती त्या बायकांना खचितच पडली नव्हती. माजघरांत बसलेली सून पुस्तक उघडतांच माजघरांत राहत नाहीं, ती कोठें तरी निघून जाते आणि तेथून परत येते ती निराळी होऊन येते, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. ज्या समाजांनीं स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना शतकानुशतकें अक्षरापासून दूर ठेविलें त्यांचा अपराध घोर, पण पुस्तकाच्या सामर्थ्याविषयींचा त्यांचा अंदाज आमच्या वक्त्यांहून अधिक खरा!

कोणी म्हणेल, चित्रपटानेंही हें होतें. होत असेल, चित्रपटांशीं आमचें वैर नाहीं. परंतु पडद्यावरचा वाडा दुसऱ्यानें बांधून दिलेला असतो. कागदावर ‘वाडा’ हीं दोनच अक्षरें असतात, आणि तो वाचकाला आपल्या जवळच्या सामानांतून उभारावा लागतो. आम्हीं आयुष्यांत वाचलेल्या बहुतेक गोष्टींतली विहीर ही आमच्या आजोळच्या परसांतली, एका बाजूनें ढासळलेली विहीर आहे. रशियांतल्या गोष्टींतही तीच! हें हास्यास्पद असेल. पण त्यायोगें रशियांतला शेतकरी आमच्या परसांत येऊन पाणी पिऊन गेला, हें काय थोडें झालें?

आतां अभ्यासिकेंतील त्या तरुणाकडे वळूं. ज्याच्या घरीं उद्यांची भ्रांत आहे त्याला हे सगळे रिकामटेकड्यांचे चोचले नव्हेत काय? या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार आमच्यासारख्या पोट भरलेल्या लेखकाला नाहीं. ज्याला होता त्याचेंच उदाहरण आम्ही देतों. मुंबईच्या एका चाळींतल्या एका खोलींत राहणारे सुभेदार रामजी सकपाळ मुलाला पुस्तकें हवीं म्हणून, स्वतःजवळ पैसे नसल्यास, लग्न झालेल्या मुलींकडे जात. उसने मिळाले तर उसने, नाहीं तर मुलीचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच्या विद्यार्थिदशेंत कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनीं त्याला स्वतः लिहिलेलें बुद्धाचें चरित्र भेट दिलें. तें कोणत्या परीक्षेला नेमलेलें होतें? कोणत्याच नाहीं. आपल्या शेवटच्या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत बाबासाहेबांनीं सांगितलें आहे कीं, तें वाचून आपण अत्यंत प्रभावित झालों, आणि आपणांस बौद्ध वाङ्मयाची ओळख कां करून दिली नाहीं, असें वडिलांना विचारावयाचें आपण ठरविलें व विचारलें. पुस्तकानें मुलाच्या हातीं उत्तर न देतां प्रश्न दिला, हें येथें पाहण्यासारखें आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें लाखों माणसांसह त्यांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दीक्षेचें कारण एक पुस्तक, असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. मध्यें जवळजवळ अर्ध्या शतकाचा अभ्यास आणि झुंज आहे. पण त्या भेटीच्या दिवशीं कोणी फायद्याची यादी मागितली असती तर केळूसकर काय सांगणार होते? आणि ज्या बापानें लेकीचा दागिना गहाण टाकला त्याला चोचले परवडत होते काय?

चरित्र वाचा असें आमच्या वक्त्यांनीं सांगितलें होतेंच कीं, असें येथें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु चरित्र वाचणें निराळें आणि चरित्रांतून यशाचीं सूत्रें खरवडून काढणें निराळें. सूत्रेंच शोधणाऱ्याला बुद्धाच्या चरित्रांत राजवाडा सोडून जाण्याचें एक सूत्र सांपडलें असतें, आणि मुलाखतींत त्याचा उपयोग होण्याचा संभव कमी!

व्याख्यान संपल्यावर आम्हीं एक कपाट उघडून दाखविण्याची विनंति केली. किल्ल्यांचा जुडगा सांपडावयास पाऊण तास लागला. आंत डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि दुसऱ्या फळीवर, दोनदां बांधणी केलेली, आपट्यांची तीच कादंबरी होती. केशवपनाच्या प्रकरणाशीं समासांत पेन्सिलीनें कोणीं तरी लिहिलें होतें, ‘अरेरे!’ त्याखालीं निळ्या शाईनें, दुसऱ्या हस्ताक्षरांत: ‘अतिशयोक्ति. असें कोणी करीत नसे.’ आणि त्याच्याही खालीं, अगदीं बारीक अक्षरांत: ‘माझ्या आजीचें केलें होतें.’ वाचनालयाच्या पुस्तकांत लिहूं नये असा नियम आहे, व तो योग्यच आहे.

अभ्यासिकेंतला एक मुलगा पाण्याची बाटली भरावयास बाहेर आला होता. तो आमच्या खांद्यावरून त्या तीन ओळी वाचीत उभा राहिला. मग त्यानें पान उलटलें. मग मागचें पान काढलें. ‘सर, हें परीक्षेला आहे का?’ त्यानें विचारलें. नाहीं, असें आम्हीं सांगितलें. बाटली तेथेंच कपाटावर ठेवून तो आणखी थोडा वेळ वाचीत राहिला. तो अभ्यासिकेचा सभासद होता, वाचनालयाचा नव्हे, म्हणून ग्रंथपाल अडले. तेव्हां त्याच दिवशीं वर्गणी भरून आम्हीं तें पुस्तक आपल्या नांवावर लिहवून घेतलें आणि त्याच्या हातीं दिलें. मुदत संपून तीन आठवडे झाले. ग्रंथपालांचें दंडाचें पत्र काल आम्हांस आलें आहे.