झाकली मूठ आणि झाकलेले दुखणे

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण पैशाअडक्याच्या बाबतीत खरी असेल. दुखण्याच्या बाबतीत ती मला मुळीच पटत नाही. कॉलेजच्या फुटबॉल संघात आम्ही मुले मोडलेल्या हाताचे प्लॅस्टर मिरवतो, त्यावर मित्रांच्या सह्या घेतो. पण ‘मला शौचावाटे रक्त जाते’ हे वाक्य घरच्या माणसांपुढेही कोणाच्या ओठावर येत नाही.

ही लाज केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड क्लबाचा माजी खेळाडू आणि स्कॉटलंडचा माजी कर्णधार डॅरेन फ्लेचर याचेच पाहा. मधल्या फळीत अखंड धावणारा हा गडी २०११ साली मैदानावरून दिसेनासा होऊ लागला. कसल्याशा विषाणूची बाधा झाली, असे तेव्हा सांगण्यात आले. खरे दुखणे होते अल्सरेटिव्ह कोलायटिस. या रोगात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. रक्ताचे जुलाब, पोटात कळा, शौचाची अनावर घाई आणि कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे. तो काही काळ दबतो, पुन्हा उसळतो. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ती का उलटते, याचा पुरता उलगडा वैद्यकाला अजून झालेला नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. औषधांनी तो आटोक्यात राहू शकतो, पण समूळ जात नाही.

डिसेंबर २०११ मध्ये क्लबाने रोगाचे नाव जाहीर केले आणि फ्लेचर दीर्घ विश्रांतीवर गेला. तोवर जवळच्या माणसांपासूनही खरे कारण लपवावे लागले, त्याचा ताण त्याने पुढे स्वतःच बोलून दाखवला. सप्टेंबर २०१२ मध्ये तो परतला. जानेवारी २०१३ मध्ये शस्त्रक्रियेसाठी पुन्हा बाहेर गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा मैदानात उतरला. २०१५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघात जाऊन त्याने त्या संघाचे नेतृत्वही केले.

यावर कोणी म्हणेल, ‘पाहा, जिद्द असली की काय होत नाही!’ नेमका येथेच माझा मतभेद आहे. ब्रिटिश नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यालाही १९९२ मध्ये हाच रोग जडला. तरी १९८४ ते २००० या काळात त्याने सलग पाच ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळवले. या दोघांची जिद्द वादातीत आहे. पण जिद्दीने आतड्याचा व्रण भरत नाही. फ्लेचरला औषधे लागली, शस्त्रक्रिया लागली, रजा लागली आणि त्या काळात त्याला न सोडणारा क्लबही लागला. आपण केवळ जिद्दीचेच पोवाडे गायले, तर जो रोगी उठू शकत नाही तो आळशी, भित्रा ठरतो. आजाऱ्याने सुवर्णपदक मिळवल्यावरच त्याचे दुखणे खरे मानायचे काय?

हा रोग बहुधा तरुणपणीच सुरू होतो, म्हणजे आपल्याच वयात. आपल्याकडे तो आव किंवा मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती उपाय चालतात. सांगायची लाज, म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर. आणि उशीर, म्हणून दुखणे बळावते.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नाही. वर्गातून किंवा परीक्षेच्या दालनातून घाईने बाहेर जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला चारचौघांत जाब विचारू नये. संडास स्वच्छ असावेत आणि त्यांना कुलूप नसावे. हजेरी भरताना अशा रजेचा माणुसकीने विचार व्हावा. आणि सरावाला न आलेल्या खेळाडूला ‘नाटक करतोस’ म्हणण्यापूर्वी आम्ही संघातल्या मुलांनी त्याला बाजूला घेऊन ‘काय होतंय रे?’ एवढे तरी विचारावे. मूठ उघडण्याचे धैर्य रोग्याने दाखवावे खरे. पण ती उघडल्यावर कोणी हसणार नाही, ही हमी आपणच द्यायला हवी.