पात्राला नावाबरोबर गावही द्या

प्रोग्रॅम तपासताना आम्ही इंजिनिअर फॉर्ममध्ये सुचेल ते नाव टाकतो. तिथे ते चालतं, गोष्टीत नाही. सगळ्यांना सरसकट 'खान' केलं की माणूस कुठला, हेच पुसलं जातं.

आपली आडनावं बघा. पानं विकणारे तांबोळी, हत्यारांना धार लावणारे शिकलगार, फळं विकणारे बागवान. कोकणात परकार, दलवाई, मुकादम. शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. या नावांतच महाराष्ट्र आहे.

नावात पिढीही असते. चाँदबीची नात आज सानिया असते. म्हणून पात्राचं नाव ठरवण्याआधी मी तीन गोष्टी लिहून काढतो: जन्मसाल, गाव आणि हे नाव घरात कुणी ठेवलं.

आपल्यावरच्या गोष्टींत एक तर भला रहीमचाचा असतो, नाहीतर गुंड. ही तक्रार रास्त आहे. पण आता लेखणी आपल्याही हातात आहे. सांगलीचा समीर शिकलगार लिहा, चिपळूणची नसरीन परकार लिहा. ती चांगलीच निघाली पाहिजेत असं नाही. चुकू देत, भांडू देत. फक्त इथली वाटू देत.