सेकंड हँड श्वास

मिसळ हाणायची आणि माळशेजला पळायचं, एवढीच आपली नारायणगावशी ओळख. फार तर द्राक्षं, मासवडी आणि ‘बिबट्या दिसला का रे?’ पण पावसाळ्यात या गावात वेगळ्याच कारणाने धावाधाव असते. जुन्नर-आंबेगावच्या शेतांत आणि घरांत साप निघतात. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी आजवर सर्पदंशाचे हजारो पेशंट बघितलेत. ‘शून्य सर्पदंश मृत्यू’ हे त्यांचं मिशनच आहे.

आता मण्यारची गंमत (कसली गंमत!) अशी, की ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा काही दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि मग श्वासाचे स्नायूच संपावर जातात. प्रतिविषाने पुढचं नुकसान थांबेलही, पण मज्जातंतूंच्या टोकांना आधीच झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही. ते शरीर आपलं आपण, सावकाश दुरुस्त करतं. तोवर श्वास दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो, कधी कधी कित्येक दिवस. म्हणजे व्हेंटिलेटर. आहुप्याकडच्या एखाद्या वाडीतून निघालेल्या माणसाला तो मंचरला मिळाला तर ठीक, नाहीतर पुढे पुणे आणि वाटेत चाकणचा ट्रॅफिक. आपण तिथे एसी लावून वैतागत असतो, तेव्हा मागच्या ॲम्ब्युलन्समध्ये कुणीतरी हाताने अँबू बॅग दाबत बसलेलं असू शकतं.

नवा चांगला व्हेंटिलेटर महाग. मग जुना का नको? आपण सेकंड हँड बुलेट कौतुकाने मिरवतो, पण हॉस्पिटलचं मशीन म्हटलं की नाक मुरडतो. अशा वेळी मला वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलची गोष्ट आठवते. पेसमेकर बसवलेला माणूस गेला, की दहनाआधी तो काढावा लागतो, नाहीतर बॅटरीचा स्फोट होतो. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडून असे १२१ पेसमेकर जमवले गेले. त्यातल्या पुरेशी बॅटरी शिल्लक असलेल्या ५३ पेसमेकरची तपासणी आणि निर्जंतुकीकरण झालं आणि ते इथल्या गरीब पेशंटना बसवले गेले. २०१२मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिओलॉजी’त त्याचा अहवाल आला. त्यात इन्फेक्शन किंवा यंत्र बंद पडण्याची तक्रार नव्हती. अमेरिकेतल्या कुणाचं तरी हृदय चालवलेलं यंत्र मुंबईत दुसरी इनिंग खेळत होतं. जबरी ना?

पण जुनं मशीन पुसून पाठवणं वेगळं आणि पुन्हा घडवणं वेगळं. व्हेंटिलेटर पूर्ण उघडायचा. ऑक्सिजन सेन्सर, फिल्टर, बॅटरी, झिजलेल्या नळ्या बदलायच्या. कॅलिब्रेशन करायचं, करंट लागत नाही ना ते तपासायचं, आणि वर वॉरंटी द्यायची. या भानगडीत न पडता ‘दान’ केलेल्या मशिनचं काय होतं, ते जगभर दिसतं. अमेरिकेतलं ११० व्होल्टचं यंत्र २३० व्होल्टच्या देशात उतरतं, मॅन्युअल नाही, सुटे भाग नाहीत. २०११मधल्या एका मोठ्या पाहणीत गरीब देशांतली ३८.३ टक्के वैद्यकीय उपकरणं बंद सापडली होती.

आपल्याकडे वेगळं चित्र नाही. सरकारी दवाखान्यांतल्या साडेसात लाखांवर उपकरणांची केंद्राने मोजणी केली, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के नादुरुस्त निघाली. त्यातून २०१५चा देखभालीचा सरकारी कार्यक्रम आला. आणि नवं म्हणजे चालू, असंही नाही. २०२१मध्ये कोरोनाच्या ऐन लाटेत औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाला मिळालेल्या कोऱ्या करकरीत व्हेंटिलेटर्सचं प्रकरण थेट हायकोर्टाच्या खंडपीठात गेलं होतं. त्यामुळे माझ्या मते ‘नवं की जुनं’ हा प्रश्नच चुकीचा. बिघडल्यावर बघणार कोण, ते आधी सांगा.

कायदाही सावध आहे. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार क्रिटिकल केअरची वापरलेली उपकरणं पुन्हा वापरायला आयात करता येत नाहीत. २०२५च्या जानेवारीत केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनेही कस्टम्सला कळवलं, की रिफर्बिश्ड उपकरणांसाठी २०१७च्या नियमांत तरतूदच नाही. परदेशाचा कचरा आपल्याकडे नको, हे मला पटतं. पण चांगल्या कामाला तरी नियमांची एक चौकट हवी की नाही?

तोवर परदेशाकडे कशाला बघायचं? पुण्यातली हॉस्पिटलं मॉडेल बदलतातच, आणि नारायणगाव इथून जेमतेम पंच्याहत्तर किलोमीटर. तुमच्यापैकी कुणी एखाद्या हॉस्पिटलच्या परचेसमध्ये असाल, तर जुन्या व्हेंटिलेटरच्या फाइलवर ‘भंगार’ लिहिण्याआधी दोन फोन करा. एक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, सुटे भाग अजून मिळतात का, मिळत असतील तर आणखी किती वर्षं. दुसरा जिथे मशीन पाठवायचं त्या दवाखान्याला, की रात्री दोन वाजता ते चालवायला तिथे कोण असतं.