कोरफडीला हिवाळ्यात पाणी नको, उजेड हवा

आयर्लंडमधल्या आपल्या घरांत खिडकीशी कोरफड किंवा पानफुटीची कुंडी असते आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत ती बुडापासून कुजते. दोष थंडीला दिला जातो. माझ्या मते खरा दोष पाणी घालण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

ही मांसल झाडे दिवसा बहुतेक वेळ पर्णरंध्रे मिटून पाणी वाचवतात. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात त्यापासून साखर बनवतात. म्हणूनच पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत ती चव जाते. बेंजामिन हाइने यांनी भारतात हे टिपले आणि १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले.

आता उजेडाचा हिशोब करा. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि दुपारी सूर्य ४८ अंशांवर येतो. डब्लिनमध्ये दिवस साडेसात तासांचा, सूर्य जेमतेम १३ अंशांवर, त्यात ढग. उजेड नाही म्हणून वाढ नाही, वाढ नाही म्हणून पाणी खर्च होत नाही. माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचे फावते. त्यात कुंडी रेडिएटरजवळ असेल, तर उबेमुळे झाड अंधारातच वाढू पाहते आणि लांबुळके, फिकट होते.

तेव्हा ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा नियम विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडी सर्वांत उजेडाच्या, १० अंशांच्या आसपासच्या थंड जागी ठेवा. पाने सुरकुतली तरच घोटभर पाणी द्या. मार्चअखेर हळूहळू पाणी वाढवा. जूनमध्ये दिवस १७ तासांचा होतो. तेव्हा माती पूर्ण सुकली की भरपूर द्या. बाहेर ठेवलीत तर पावसापासून आडोसा हवा.

मात्र हा नियम सगळ्याच मांसल झाडांना लावू नका. इथल्या जुन्या दगडी भिंतींवरचे नेव्हलवर्ट पाहा. तेही मांसल पानांचेच, पण हिवाळ्यात हिरवे असते आणि उन्हाळ्यात वाळते. त्याचे वेळापत्रक आयर्लंडचे आहे, कोरफडीचे नाही. पाणी घालण्यापूर्वी झाड वाढतेय की झोपलेय, एवढे बघा. झोपलेल्याला पाणी पाजणे ही माया नव्हे.