दामाजीपंतांनी आधी कोठार उघडलं

"देवावर विश्वास ठेव, तो बघून घेईल." हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं त्याचा चेहरा बोलणाऱ्याने कधी नीट पाहिलेला नसतो. आयसीयूबाहेर उभं राहून डिपॉझिटसाठी फोनामागून फोन लावणाऱ्या माणसाला ते ऐकवलं जातं. तिसऱ्यांदा मेन्सला अडकलेल्या मुलीला ऐकवलं जातं. मूल पोटातच गेलेल्या बाईला तर हमखास. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर खाली जोडलेले हात आणि एक दिवा. आपल्या वयाच्या लोकांत देवाच्या जागी 'युनिव्हर्स' येतं, मागे पियानो वाजतो, पण मतलब तोच. जे झालं ते तुझ्या भल्यासाठीच झालं, आता शांत राहा.

मी देव मानते. त्यामुळे मला या वाक्याचा येणारा राग नास्तिकाचा समजू नका. माझी तक्रार अशी आहे की हे वाक्य वापरून वापरून आपण विश्वासालाच फुकट घालवलं आहे. ते बोलल्यावर बोलणाऱ्याची सुटका होते. पैसे द्यायला नकोत, रात्री थांबायला नको, अवघड प्रश्न ऐकायला नकोत. सगळं खातं देवाच्या नावावर वळतं केलं की आपण मोकळे.

आपल्याकडे यावर एक जुनी गोष्ट आहे आणि ती आपण उलटी ऐकत आलो आहोत. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर मंगळवेढं. पंधराव्या शतकात, बहामनी राज्यात, तिथे दामाजीपंत हे सरकारी अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला. कोठारात बेदरच्या बादशहाचं धान्य होतं आणि दारात उपाशी माणसं. पुढची कथा महिपतीबुवांनी अठराव्या शतकात 'भक्तविजया'त सांगितली आणि ती कीर्तनांतून घरोघरी गेली. दामाजींनी कोठार लुटवलं, बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं धाडली, तेवढ्यात विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याचे पैसे चुकते करून आला. पावतीसुद्धा घेतली.

ही कथा सांगताना सगळा भर विठू महारावर. बघा, देव कसा धावून येतो! येतो ना. पण क्रम पाहा. देव येतो ते कोठार रिकामं झाल्यावर. दामाजींनी दारातल्या माणसांना "विठ्ठलावर श्रद्धा ठेवा" असं सांगून घरी पाठवलं असतं तर या कथेत चमत्काराला जागाच उरली नसती. त्यांनी सरकारी माल स्वतःच्या जिवाच्या जोखमीवर वाटला. आपलं काय होईल हा प्रश्न तेवढा देवावर सोडला, लोकांच्या पोटाचा प्रश्न सोडला नाही. श्रद्धा त्यांनी स्वतःच्या मानेपुरती वापरली.

आता त्याच गावची दुसरी गोष्ट, ही चमत्काराशिवायची. दामाजींच्याही आधी, १३३८ साली, मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चाललं होतं. ते कोसळलं आणि त्याखाली चोखामेळा गाडले गेले, सोबतचे मजूरही. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, पण भिंत थांबली नाही. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. दाराबाहेर. जिवंतपणी आत जाता आलं नाही, मेल्यावरही नाही.

"देव बघून घेतो" म्हणणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एका दमात सांगून दाखवाव्यात. एकाच देवाचे भक्त, एकच गाव, एकाचं देणं देवाने फेडलं आणि दुसऱ्याच्या अंगावर भिंत पडली. याचं उत्तर माझ्याकडे नाही. चोखोबांच्या घरातल्यांनीही उत्तर असल्याचा आव आणला नाही. त्यांचा मुलगा कर्ममेळा आपल्या अभंगांत विठ्ठलाला सरळ जाब विचारतो, आमच्या वाट्याला हा जन्म आणि हे हाल का म्हणून. तो विठ्ठलाला सोडून गेला नाही आणि गप्पही बसला नाही. अशा माणसाला आजच्या एखाद्या ग्रुपवर लगेच सल्ला मिळाला असता, निगेटिव्ह विचार करू नकोस.

यावर तुकोबा पुढे केले जातात, हे मला ठाऊक आहे. आणि तो मुद्दा पोकळ नाही. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बसला, गावात पत गेली. हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे. या आपत्तीमुळेच आपण देवाकडे वळलो, तेव्हा झालं ते बरंच, अशा अर्थाचंही त्यांनी लिहिलं आहे. मग सगळं भल्यासाठीच झालं ना?

थांबा. ते कोण बोलतंय, कुणाबद्दल आणि कुणाशी? तुकोबा स्वतःच्या दिवाळखोरीबद्दल देवाशी बोलत आहेत, दुष्काळ सोसून झाल्यावर. शेजारच्या उपाशी घरासमोर उभं राहून ते हे म्हणत नाहीत. शेजाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी काय केलं हेही परंपरेने जपून ठेवलंय. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांतला आपला हिस्सा त्यांनी इंद्रायणीत सोडला. कर्जबाजाऱ्याला धीराच्या चार गोष्टी सांगणं जास्त स्वस्त पडलं असतं. माझ्या दुःखात मला देवाचा हात दिसला तर ते सांगायचा हक्क माझा. तुमच्या दुःखात तो कुठे आहे हे मी बोट दाखवून सांगणं हा आगाऊपणा.

कित्येकदा तर तिथे देवाचा हात नसतोच, माणसाचा असतो. २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले. पुणे पोलिसांनी तपास केला, खात्यातल्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. त्या परीक्षेसाठी खोल्यांमध्ये कोंडून घेऊन अभ्यास केलेल्या पोरांना कुणी "देवाच्या मनात तुझ्यासाठी काहीतरी मोठं असेल" म्हणालं असेल, तर त्याने नकळत पेपर फोडणाऱ्यांना देवाचे एजंट करून टाकलं. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असं आळशाला हिणवणारी भाषा आपली. मग अन्याय झालेल्याला मात्र आपण खाटल्यावरच बसवून ठेवतो, हे कसं?

मार्गदर्शन म्हणजे काय, हेही यात हरवतं. देव वाट दाखवतो यावर माझा विश्वास आहे, पण दाखवलेल्या वाटेवर बहुधा चालावं लागतं आणि ती गैरसोयीची असते. साने गुरुजी कमालीचे श्रद्धाळू होते. चोखोबा ज्या दाराबाहेर राहिले ते दार दलितांसाठी अजून बंदच आहे, हे पाहून ते "विठ्ठलाची इच्छा" म्हणाले नाहीत. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांना जागं केलं आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे रोजी ते सुटलं. मंदिर खुलं झालं. मधली ६०९ वर्षं किती पिढ्यांना धीर धरायला सांगितलं गेलं असेल, हिशेब करून पाहा.

एक गोष्ट मान्य करते. कधी कधी आपल्याकडे द्यायला खरंच काही नसतं, आणि "पांडुरंग आहे गं" एवढंच तोंडातून निघतं. शेजारची म्हातारी ते म्हणते तेव्हा मला राग येत नाही. कारण ती भाकरी बांधून आलेली असते, पाठीवरून हात फिरवत असते, आणि रडणारी देवाला शिव्या घालायला लागली तर तिचं तोंड दाबत नाही. स्वतःही दोन घालते.

फॉरवर्ड करणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते याचंच. तिच्या तोंडचे शब्द त्यांनी उचलले, भाकरी घरीच ठेवली. पुढच्या वेळी रात्री अडीच वाजता कुणाचा मेसेज आला की जोडलेल्या हातांवर बोट जायच्या आधी विचारा, किती कमी पडतायत? डबा कोण आणतंय? उद्या तिथे कोण थांबणार आहे?